घर ताब्यात घेण्याआधीचा कागद

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, जिथून कुठून ऐकत असाल तिथे तुमच्यापैकी किंवा तुमच्या मुलाबाळांपैकी कुणीतरी भाड्याच्या घरात असणारच. म्हणून आज एकच प्रश्न घेतो. भाड्याने दिलेले घर राहण्याजोगे असलेच पाहिजे, असे आपला कायदा म्हणतो का?

उत्तर अर्धेच 'हो' आहे. घर बांधताना मापे आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर आणि उंची २.७५ मीटर हवी. खिडक्यांचे, हवेशीरपणाचेही आकडे आहेत. संहिता म्हणजे शिफारस, स्थानिक नियमांत उतरली की ती बंधनकारक. पण ही तपासणी नकाशा मंजूर होताना आणि भोगवटा पत्र देताना. पुढे कुणी बाल्कनी बंद करून तिची 'रूम' केली आणि तिथे तीन पोरांच्या कॉट टाकल्या, तरी भाड्याने देताना टेप घेऊन कुणी येत नाही.

भाड्याचे कायदे वेगळेच बोलतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श घरभाडे कायदा मंजूर केला. तो नमुना आहे. ज्या राज्याने तसा कायदा केला तिथेच लागू. त्यात म्हटले आहे की, करार सुरू होताना घर जसे होते तितक्या चांगल्या स्थितीत ते दोघांनी ठेवावे, नेहमीची झीज सोडून. या वाक्यापाशी जरा थांबा. सुरुवातीलाच भिंतीला ओल असेल तर? कायदा तुम्हाला त्या ओलीपर्यंतच परत नेतो. ही देखभालीची अट झाली, राहण्याजोगेपणाची नव्हे.

दुरुस्तीची वाटणी मात्र त्यात स्वच्छ आहे. इमारतीच्या सांगाड्याची कामे, रंग-सफेदी, पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळ, बेसिन, स्विच, कुलपे, फुटलेल्या काचा, गीझर भाडेकरूकडे. मालकाने आपले काम टाळले तर भाडेकरूने ते करून भाड्यातून वळते करायचे, पण एका महिन्यात निम्म्या भाड्याहून जास्त नाही. लेखी कळवूनही दुरुस्ती होत नसेल आणि घर राहण्याजोगे उरले नसेल, तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन बाहेर पडता येते.

आता गीझरच घ्या. गॅसचा गीझर, बंद न्हाणीघर, वर झरोका नाही. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस आंघोळीला जातो आणि आतच कोसळतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. त्या यादीत गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे. पण मुळात नसलेला झरोका पाडणे ही 'दुरुस्ती' नव्हेच, म्हणून तो कुणाच्याच खात्यात नाही. मला हे भयंकर वाटते.

म्हणून घर पहिल्या दिवशी कसे होते, याला एवढे महत्त्व. फौजेत क्वार्टर ताब्यात घेताना 'मार्चिंग इन' होते. खोली खोली फिरून पंखे, काचा, नळ, फरशा मोजतात, दोष लिहितात, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. सोडताना तोच कागद पुढे ठेवून हिशेब. घरच्यांना तो तास फार कंटाळवाणा वाटायचा. नागरी जीवनात मात्र लोक लाखाचे डिपॉझिट देतात आणि फक्त चावी घेतात! तासभर द्या. पाणी किती वेळ येते, अर्थिंग आहे का, छताला जुने डाग आहेत का, न्हाणीघरातून हवा बाहेर कुठून जाते, हे लिहा, तारखेसह फोटो काढा आणि यादी कराराला जोडा. मी स्वतःही घरमालक आहे. या यादीने माझेही रक्षणच होते.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ मालकाला घर चांगल्या, राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवायला बांधते. त्याने टाळले तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू खर्च करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत वळता करू शकतो. पण त्याच कलमात एक खिडकी उघडी आहे: भाडेकरूने विरुद्ध करार केला नसेल तरच. 'सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने करावी' या छापील ओळीखाली सही केली की संपले. शिवाय ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करणारा हा 'भाडेकरू' नव्हे, लायसन्सी. त्याच्यासाठी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ५७ आहे: मालकाला ठाऊक असलेला आणि तुम्हाला ठाऊक नसलेला धोकादायक दोष त्याने सांगितलाच पाहिजे. तेव्हा सही करण्याआधी व्हॉट्सअॅपवर सरळ विचारा, 'घरात काही धोकादायक दोष आहे का?' उत्तर काहीही येवो, ते लेखी राहते.

आणि रागाच्या भरात भाडे थांबवू नका. वळते करण्याची मुभा जिथे आहे तिथेही आधी लेखी नोटीस, मग काम, मग बिल. फोनवरचे बोलणे न्यायालयात उभे राहत नाही. उलट बाजूने, मालकाने भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडली तर महाराष्ट्रात कलम २९ खाली तो गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जिन्यातला दिवा आणि लिफ्टसुद्धा त्यात येतात. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला कायदा कोणता ते करारापूर्वी वकिलाला विचारा. डिपॉझिटच्या मानाने त्याची फी किरकोळ असते.