आपलं म्हणणं वहीत उतरलं पाहिजे



मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या गटातल्या सात जणी ग्रामसभेला गेलो. अंगणवाडीच्या नळाला चार महिने पाणी नव्हतं, मदतनीस ताई लांबून कळशीनं पाणी आणत होत्या. मागच्या रांगेतून आम्ही तिघी एकदमच बोललो. गलका झाला, काही जण हसले, विषय पुढं गेला. नंतर प्रोसिडिंग पाहिलं, तर त्यात एकच ओळ: 'महिलांनी चर्चेत भाग घेतला.' ना नळ, ना अंगणवाडी. मागणीच वहीत नाही, तर काम कोण धरणार?

हे आज आठवायचं कारण म्हणजे आता हे प्रोसिडिंग लिहायला यंत्र आलंय. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' सुरू केलं, पहिल्यांदा त्रिपुरा राज्यात. यात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, वापरतात. सभेचं रेकॉर्डिंग पंचायतीनं त्यात टाकायचं. यंत्र ते ऐकतं, बोलणं अक्षरात उतरवतं आणि त्याचा सारांश करून देतं. मराठीही त्याला चालते. यामागं सरकारचंच 'भाषिणी' हे भाषेचं तंत्र आहे.

सोय चांगली आहे. कुणाचं लिहायचं आणि कुणाचं गाळायचं, हे एकट्याच्या हातात राहत नाही. पण बायांनो, यंत्र ऐकू आलं तेवढंच लिहिणार. मागून पुटपुटलेलं, चौघींनी एकदम बोललेलं त्याच्या लेखी नुसता गोंगाट. आपल्या वस्तीचं नाव, आपल्या बोलीतला शब्दही ते चुकवू शकतं. आणि जी सभेला गेलीच नाही, तिचं म्हणणं कुठलं यंत्र लिहिणार?

म्हणून आपल्या पंचायतीत यंत्र असो वा वही, चार गोष्टी करूया.

पहिली, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच. आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यातच ती आहे. तिथं मागण्या ठरवा, कोण बोलणार तेही ठरवा.

दुसरी, माईक मागून घ्या. एका वेळी एकीनंच बोला. आधी नाव, मग वस्ती, मग मागणी आणि ती कधीपर्यंत हवी ते. 'पाण्याचं बघा' असं मोघम नको. 'अंगणवाडीचा नळ या महिन्यात दुरुस्त करा' असं नेमकं सांगा.

तिसरी, सभा संपताना 'आमचा विषय काय लिहिला ते वाचून दाखवा' म्हणा. चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. पुढच्या सभेला मागचं इतिवृत्त वाचायला लावा.

चौथी, रेकॉर्डिंग सुरू आहे का ते आधी विचारा. घरातली मारहाण, एखादीचं आजारपण, असल्या गोष्टी तिचं नाव घेऊन तिथं बोलू नका. त्या आशाताईंशी किंवा गटात विश्वासानं बोलायच्या.

आपल्या गटाच्या पंचसूत्रीत नोंदी ठेवणं हे एक सूत्र आहेच. दहा रुपयांची बचत लिहिल्याशिवाय आपण बैठकीतून उठत नाही. मग गावाच्या वहीत आपलं म्हणणं लिहिलं की नाही, हे न बघताच का उठायचं?

यंदा आम्ही तसंच केलं. एकीनंच माईक घेतला, बाकीच्या तिच्या मागं उभ्या राहिलो. प्रोसिडिंगमध्ये 'अंगणवाडीचा नळ' हे शब्द आले. पाणी अजून यायचंय. पण आता विचारायला हातात कागद आहे.

पुढच्या ग्रामसभेला भेटूया, पुढच्या रांगेत.