टक्के नंतर विचारा

लांबलांबच्या केंद्रांवरून आलेले विशेष शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि मागच्या रांगांत मुलांना घेऊन बसलेले आईवडील,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. मार्गासनीच्या ग्रामस्थांनी ऐन सुगीच्या दिवसांत आपली सगळी व्यवस्था केली, त्यांचेही मनापासून आभार. अध्यक्षानं वर्षाच्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. चिटणीसांचा अहवाल तुमच्या हातात आहे, तो पुरेसा आहे. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती या जागेवरून बोलता यावी म्हणून मी बरीच वर्षं थांबले आहे.

मूल समोर आलं की आपण दिव्यांग प्रमाणपत्राचं पहिलं विचारतो, "टक्के किती आले?" शाळेत तेच, पंचायत समितीत तेच, आता तर आईवडीलही एकमेकांना तेच विचारतात. चाळीस आले तर मूल आपलं, अडतीस आले तर ते कुणाचंच नाही. ही सवय आपल्याला लागली आहे आणि ती मुलांच्या मुळावर आली आहे.

इथून रस्ता साखर-गुंजवण्याकडे वळतो. त्या अंगाला राजगडाच्या पायथ्याशी एका वाडीत एक मुलगा होता, तिसरीतला. वाचत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, मंद आहे, असा शेरा बसलेला. आईनं भाताच्या लावणीत रोज बुडवून त्याला पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. सकाळची पहिली एसटी धरायची, केसपेपर काढायचा आणि दुपारी कळायचं की तपासणारे डॉक्टर आज नाहीत. मग पुढची तारीख, पुन्हा रोज बुडाला. अखेर तपासणी झाली. ऐकू कमी येतं, पण प्रमाणपत्रात बसत नाही, असं सांगून मायलेकरांना परत पाठवलं. कायद्याच्या व्याख्येत दोन्ही कानांचा ऱ्हास साठ डेसिबलपर्यंत गेल्याशिवाय मूल श्रवणदोषात धरत नाहीत. याचा पंचेचाळीसच्या आसपास होता. यादीत नाव नाही, म्हणून भत्ता नाही, यंत्र नाही, कुणाची भेटही नाही.

मी त्याची श्रुतलेखनाची वही मागून घेतली. घरात रोज कानावर पडणारे शब्द बरोबर होते. पुस्तकातले नवे शब्द मात्र वेगळेच उतरले होते. 'सरोवर'चं 'अरोवर', 'शिखर'चं 'इखर', 'संथ'चं 'अंत'. आणि त्याच मुलाच्या गणिताच्या वहीत फळ्यावरून उतरवलेली उदाहरणं एकूण एक बरोबर! हे मूल मंद कसं? दोन्ही वह्या आणि तपासणीचा कागद एका श्रवणतज्ज्ञ बाईंपुढे ठेवला. त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं. कान वाहतोय, त्यावर आधी इलाज करा. पोराला पुढं बसवा, बरा कान गुरुजींच्या बाजूला येईल असा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला तुमचे ओठ दिसू द्या. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तेव्हा तोंडी काही सांगू नका, फळ्यावर लिहा. गुरुजींनी हे सगळं केलं. वर्ष सरताना मुलगा धडा वाचत होता. यात प्रमाणपत्र कुठं लागलं?

कुणी म्हणेल, बाई, कायद्याला कागद लागतो. मी म्हणते, कायदा वाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत, अध्ययन अक्षमताही त्यात आली. या नव्या कायद्याचं कलम १६ शाळांना सांगतं की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्यातून तिच्यावर उपाय करा. त्या वाक्यात टक्के नाहीत. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या सवलतींसाठी आहे, मुलाला शिकवण्यासाठी नाही. उलट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ ठरवलं. म्हणजे कागदाची वाट पाहणाऱ्या शाळेत मुलाची पहिली-दुसरी वाया गेलीच. अक्षरं तर त्याच दोन वर्षांत हाताला लागतात.

सकाळच्या सत्रात विशेष शाळा की गावची शाळा यावर बरेच आवाज चढले. भोरच्या बाजूची एक मुलगी मला आठवते. सेरेब्रल पाल्सी, बोटांची पकड ढिली. शहरातल्या निवासी शाळेत ठेवली, आईच्या आठवणीनं जेवण सोडलं, म्हणून बाप परत घेऊन आला. गावच्या जिल्हा परिषद शाळेत नुसती बसून असायची. मग एक फिजिओथेरपिस्ट येऊन गेला. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पेन्सिलीला गुंडाळली, पायाखाली लाकडी पाट दिला, बाकाची उंची बदलली आणि हे का करायचं ते बाईंना नीट समजावलं. मुलगी लिहू लागली. तो आला नसता तर दोन्ही शाळा तिला सारख्याच होत्या. माझ्यापुरता हा वाद तिथंच मिटला.

पण जाणकार माणूस येणार कुठून? विशेष शिक्षकांच्या नेमणुकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं. प्राथमिकला १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, त्यापुढे १५ मागे एक. आपल्या राज्यानं ४,८६० पदं मंजूर केली, शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. कंत्राटावर आयुष्य घालवलेल्या आपल्या सोबत्यांना त्यातून हक्काची जागा मिळते आहे, याचा मला आनंद आहे. पण या डोंगराळ मुलखात एका केंद्राच्या शाळा दोन-दोन खिंडींपलीकडे विखुरलेल्या असतात. त्या शिक्षकाचे दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात, शिबिराला मुलं नेण्यात आणि दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डांचा पाठपुरावा करण्यात गेले, तर मुलाच्या शेजारी तो बसणार कधी? कार्ड काढायलाच हवं, त्याला माझा विरोध नाही. ते निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याला आहे.

पुढच्या वर्षी काय करायचं याचा सविस्तर आराखडा माझ्याकडे नाही, तो कार्यकारिणीनं करावा. माझ्या मनात एवढंच आहे. प्रत्येक शिक्षकानं अडलेल्या मुलाची वही सांभाळून ठेवावी आणि तज्ज्ञापुढे आधी ती ठेवावी. आणि श्रवणतज्ज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांनी महिन्यातला एक दिवस तालुक्याला द्यावा. गाडीभाडं आपण वर्गणीतून काढू, पंचायत समितीकडेही मागू. त्या दिवशी दारात कुणालाही कार्ड विचारायचं नाही. पहिला दिवस इथं मार्गासनीतच ठेवावा, भाताची कामं उरकली की लगेच. सरपंच, शाळेची एक खोली तेवढी मिळवून द्या.