मुलांचें शिरस्त्राण आणि बेसबॉलचा खेळ



क्रिकेटचा चेंडू बहुधा टप्पा घेऊन फलंदाजाकडे येतो. अमेरिकेंतील बेसबॉलचा चेंडू टप्पा न घेतां थेट येतो, आणि नेम चुकला म्हणजे मस्तकावरही येतो. त्याचें वजन ५ ते सव्वापांच औंस असतें. मोठ्यांच्या खेळांत चेंडू फेंकणारा, ज्यास तेथें पिचर म्हणतात, ६० फूट ६ इंचांवरून फेंकतो. ताशी ९० मैल वेगाचा चेंडू हें अंतर अर्ध्या सेकंदाच्या आंत तोडतो. लहान मुलांच्या ‘लिट्ल लीग’मध्यें वेग कमी असतो खरा, परंतु तेथें अंतरही अवघें ४६ फूट असतें. म्हणून डोकें बाजूस घेण्यास मुलाला जो अवधि मिळतो, तो मोठ्या खेळाडूपेक्षां फारसा अधिक नसतो.

या धोक्याची जाणीव मोठ्यांना पुरतेपणीं झाली होती. १६ ऑगस्ट १९२० रोजीं न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेज याचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या मस्तकावर आदळला आणि दुसऱ्या दिवशीं चॅपमन मरण पावला. त्याच्या डोक्यावर केवळ कापडी टोपी होती. तरीही शिरस्त्राण रुळण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. त्याला मुख्य अडसर होता तो भित्रे ठरण्याच्या लाजेचा. १९४१ सालीं ब्रूकलिनच्या खेळाडूंनीं टोपीच्या आंत कठीण पट्ट्या बसविल्या. १९५३ सालीं ब्रँच रिकी यांनीं पिट्सबर्गच्या संघाकडून शिरस्त्राणें वापरविलीं. व्यावसायिकांच्या प्रमुख सामन्यांत नव्या खेळाडूंवर त्याची सक्ती झाली ती १९७१ सालीं!

मधल्या काळांत, १९६७ च्या ऑगस्टमध्यें, बॉस्टनच्या टोनी कॉनिग्लियारोला चेंडूचा तडाखा गालावर बसला. डोक्यावर शिरस्त्राण होतें, पण त्यास कान व गाल झांकणारा भाग नव्हता. त्याच्या गालाचें हाड मोडलें व डाव्या डोळ्याची दृष्टि बिघडली. पुढें १९८३ पासून व्यावसायिक सामन्यांतील नव्या खेळाडूंस एका कानावर तरी झांकण असणें आवश्यक ठरलें.

मुलांच्या खेळानें येथें वडीलधाऱ्यांस मागें टाकिलें. लिट्ल लीगमधील डॉ. क्रेटन हेल यांनीं दोन्ही कानशिलें झांकणारें शिरस्त्राण सिद्ध केलें. आज हायस्कूलच्या नियमांतही दोन्ही कानांवर झांकण हवेंच. शिवाय १९६९ सालीं स्थापन झालेल्या क्रीडासाहित्य-सुरक्षा समितीच्या कसोटीस तें उतरल्याची खूण असावी लागते. फलंदाजापुरताच हा नियम नाहीं. पुढील पाळीची वाट पाहणारा, धांवणारा आणि तळाजवळ उभा राहून सूचना देणारा विद्यार्थी, या सर्वांना तें घालावें लागतें. चेंडू खेळांत असतां मैदानावर कोणी तें मुद्दाम काढलें, तर पंच समज देतात.

शिरस्त्राण काम करतें तें दोन प्रकारांनीं. वरचें कठीण कवच आघात मोठ्या भागावर पसरवितें आणि आंतील मऊ थर दबून चेंडूचा जोर थोडा सावकाश उतरवितो. म्हणून तें डोक्यास नीट बसलें पाहिजे. संघाच्या पिशवींतून हातीं येईल तें सैल शिरस्त्राण घातल्यास धांवतांना तें डोळ्यांवर उतरतें किंवा खालीं पडतें. कवचास चीर गेली असल्यास तें टाकून द्यावें. बनविणाराच्या संमतीवांचून त्यावर रंग देऊं नये वा चित्रें चिकटवूं नयेत. कांहीं रंगांनीं व गोंदांनीं कवच ठिसूळ होतें.

इतकें करूनही मेंदूला बसणारा हादरा सर्वस्वीं टळत नाहीं. तडाख्यानंतर मुलास डोकेंदुखी, भोंवळ, ओकारी किंवा विस्मरण जाणवलें, तर त्यास तत्काळ खेळाबाहेर काढावें. वॉशिंग्टन राज्यानें २००९ सालीं असा कायदाच केला कीं, अशा मुलानें वैद्यकीय जाणकाराच्या लेखी परवानगीवांचून पुन्हा मैदानांत उतरूं नये. २०१४ पर्यंत अमेरिकेंतील सर्व राज्यांनीं या विषयावर कायदे केले.

परंतु कायदा पुस्तकांत राहतो आणि मूल पाहतें तें मोठ्यांच्या वागणुकीकडे. एका कानाचें शिरस्त्राण घालणारा नामांकित खेळाडू पाहून मुलाला आपलें दुहेरी शिरस्त्राण बालिश वाटूं लागतें. त्या वेळीं धैर्य आणि निष्काळजीपणा यांतील भेद त्यास समजावून सांगणें, हें शिक्षकाचें व पालकाचें काम आहे. शिरस्त्राण चेपलें नाहीं ना, तें नीट बसतें ना, हें प्रत्येक सामन्यापूर्वीं त्यांनींच आपल्या हातानें तपासून पाहावें. त्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.