जुन्या व्हॅनच्या गिअरबॉक्सची गळती

ज्या घरचा चरितार्थ एका जुन्या व्हॅनवर चालतो, त्या घरी गाडीखाली पडलेला तेलाचा डाग क्षुल्लक मानून चालत नाही. पूर्वीचा उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनचा धाराशिव जिल्हा. तेथे अशा गाड्यांना कामाची ददात नाही. भूमकडील खव्याचे डबे वेळेवर पोहोचले पाहिजेत, नाहीतर माल नासतो. आश्विनातील नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. तुळजापूर वसले आहे बालाघाटाच्या डोंगरात. त्यामुळे भरलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सची तेथे खरी परीक्षा होते.

उदाहरणादाखल मारुतीची व्हॅन घ्यावी. ती १९८४ साली बाजारात आली, पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढील आसनांखाली असते. त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि तेथून लांब प्रॉपेलर शाफ्ट मागील चाकांकडे जातो. गिअरबॉक्समधील तेल तळाशी असते. खालचे दाते त्यात बुडून फिरतात आणि ते तेल वरच्या भागांवर उडवितात. तेल कमी झाले म्हणजे वरची बेअरिंगे प्रथम कोरडी पडतात. चालकास याची सूचना देणारा दिवा समोर नसतो. घरघर कानी येईपर्यंत पुष्कळदा नुकसान होऊन गेलेले असते.

गळणारे तेल गिअरबॉक्सचेच आहे काय, याची खात्री प्रथम करून घ्यावी. इंजिनचे वापरलेले तेल काळे व त्या मानाने पातळ असते; गिअरचे तेल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. नंतर रॉकेल व चिंध्या घेऊन सर्व पेटी स्वच्छ पुसावी, कोरडी होऊ द्यावी आणि तीवर खडूची पूड भुरभुरावी. गाडी चार-पाच मैल फिरवून आणली म्हणजे पूड कोठे भिजली हे दिसते. ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच की तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला भाग हेच गळतीचे मूळ समजावे.

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जमीन कठीण असावी, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी आणि जमिनीवरील चाकांना दगडांचा अटकाव द्यावा. काळ्या मातीत जॅक रुतून कलतो, आणि एका सीलपायी जीव गमावण्यासारखे दुर्दैव नाही.

पेटीला हवा जाण्यायेण्यासाठी एक छोटी वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती धुळीने बुजली म्हणजे तापलेल्या हवेचा दाब आत कोंडतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. ती प्रथम साफ करावी. तेल अधिक भरले गेले असल्यासही गळती होते. या दोन गोष्टी पाहिल्यावाचून पेटी उघडणे म्हणजे विनाकारण खर्च होय.

गळती मागील बाजूस असेल तर काम बेताचे असते. तेल काढण्यापूर्वी भरण्याचा नट सैल होतो की नाही हे पाहावे. तो गंजून बसला असल्यास रिकामी पेटी पुन्हा भरणार कशी? मग कोमट तेल परातीत काढावे. त्यात बारीक राखाडी गाळ असणे स्वाभाविक आहे. लोखंडाचे कण अगर दात्याचा तुकडा निघाला, तर मात्र पेटी उघडणेच इष्ट. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी जोडावर रंगाची खूण करावी, म्हणजे तो पूर्वीसारखाच बसतो व थरथर उत्पन्न होत नाही. जुने सील काढल्यावर शाफ्टचा गुळगुळीत भाग नखाने तपासावा. तेथे खाच पडली असेल, किंवा आतील बुश झिजून शाफ्ट हलत असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, त्याच्या ओठास वंगण लावावे आणि लाकडाच्या ठोकळ्याने ते चहूकडून सारखे ठोकून बसवावे.

गळती पुढील सीलची असेल तर पेटी उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. तेथील तेल क्लच प्लेटवर जाते. मग चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. तेलाने माखलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा. मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते.

शेवटी तेल भरावयाचे ते गाडी सपाटीवर उभी करून, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल घ्यावे. जड दात्यांसाठी केलेल्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये आतील पितळी कड्यांस बाधक ठरतात. काढलेले तेल मात्र ओढ्यात अगर विहिरीच्या आसपास ओतू नये. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते, तेथे ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे देणेच योग्य.

लहान सीलाची किंमत आणि नव्या गिअरबॉक्सची किंमत यांतील अंतर मोठे आहे. पुन्हापुन्हा तेल ओतून दिवस ढकलणारा गाडीवाला ते अंतर स्वतःच्या खिशातून भरीत असतो. वाटेत घाट आणि गाडीत माणसे असताना ते भरण्याची वेळ येऊ नये, एवढी काळजी वेळीच घेणे हेच शहाणपणाचे.