सी-पॅप यंत्रासह निद्रा : सवयीचे पहिले दिवस

(आरोग्य केंद्रात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण होय, असा समज समाजात पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. दिवसभर शेतात वा कचेरीत राबून आलेला गृहस्थ रात्री घोरू लागला, की "दमला आहे, सुखाने झोपला आहे" असे म्हणून घरातील मंडळी समाधान मानतात. फार झाले तर कुंभकर्णाचे नाव घेऊन त्याची थट्टा केली जाते. परंतु घोरता घोरता आवाज एकाएकी थांबत असेल, काही क्षण संपूर्ण शांतता पसरत असेल आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंकार देऊन श्वास पुन्हा सुरू होत असेल, तर ती सुखाची झोप नव्हे. तो झोपेतील श्वासरोध होय. वैद्यकीय भाषेत त्यास ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असे म्हणतात. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, त्या वेळी डॉक्टरांनी या विकाराचा उल्लेख केला आणि अनेक घरांत हे नाव प्रथमच ऐकले गेले.

विकाराचे स्वरूप

झोप लागली की शरीराच्या इतर स्नायूंप्रमाणे घशाचे स्नायूही सैल पडतात. काही व्यक्तींमध्ये जिभेचा मागील भाग व मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट बंद करतात. छाती श्वास ओढण्याची धडपड करीत असते, परंतु हवा आत जात नाही. अशी खंडित अवस्था दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर ती एक घटना म्हणून मोजली जाते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि श्वास चालू होतो. झोपलेल्या मनुष्यास याची दादही नसते. तासाला सरासरी ५ ते १५ घटना घडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० घडल्यास मध्यम आणि ३० हून अधिक घडल्यास तीव्र समजला जातो. म्हणजे तीव्र विकार असलेल्या मनुष्याची झोप दर दोन मिनिटांस एकदा मोडत असते.

सकाळी डोके जड होणे, तोंडास कोरड पडणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, दिवसा बसल्या जागी डुलकी येणे, विसराळूपणा व चिडचिड ही या विकाराची नित्याची लक्षणे होत. रक्तदाब व हृदयाची अनियमित गती यांच्याशीही त्याचा निकट संबंध आहे. वाहनचालकाच्या बाबतीत तर एका डुलकीचे मोल अनेकांना चुकवावे लागते. स्थूल शरीर व जाड मान असलेल्यांत हा विकार अधिक आढळतो. तथापि लहान हनुवटीच्या सडपातळ व्यक्तींनाही तो होऊ शकतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही त्याचे प्रमाण वाढते. स्त्रीचे घोरणे हे लाजेचे मानले जात असल्याने ते सांगितले जात नाही, आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

यंत्राचा जन्म व कार्य

१९८० पर्यंत या विकाराच्या तीव्र रुग्णास गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून देणे, हाच खात्रीचा उपाय होता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचा प्रयोग केला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रारंभीची यंत्रे बोजड होती व मोठा आवाज करीत. आजचे यंत्र उशाशी ठेवलेल्या लहानशा रेडिओएवढे असून त्याचा आवाज कुजबुजीहून अधिक नसतो.

या यंत्राविषयी एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. सी-पॅप हे प्राणवायूचे यंत्र नव्हे. ते खोलीतीलच हवा गाळून नळीवाटे व मास्कवाटे घशापर्यंत सतत सौम्य दाबाने पोहोचविते. बागेस पाणी घालण्याची मऊ नळी पाणी वाहत असेतोवर फुगलेली राहते व पाणी थांबताच चपटी होते. घशाचेही तसेच आहे. हा दाब सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. पेल्यातील दहा सेंटिमीटर पाण्याच्या तळाशी जेवढा दाब असतो तेवढाच तो, असे म्हटले तर त्याची सौम्यता ध्यानात येईल. कोणास किती दाब हवा हे निद्रा-तपासणीवरून डॉक्टर ठरवितात. म्हणून शेजाऱ्याचे यंत्र मागून आणणे किंवा स्वतःच आकडे बदलणे सर्वथा टाळावे.

यंत्र पेटीत का जाते ?

मोठा खर्च करून आणलेले हे यंत्र पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच पेटीत बंद होऊन कपाटावर जाते, असे अनेक घरांत घडते. रुग्ण पहिल्या रात्री मास्क लावतो, वाऱ्याचा झोत नाकात शिरतो, जीव घाबरा होतो, आणि अर्ध्या तासात तो मास्क काढून ठेवतो. दुसऱ्या रात्रीही तेच होते. तिसऱ्या रात्री "हे आपल्याला जमायचे नाही" असा निर्णय होतो. यातील भीतीला एक अलीकडील कारणही आहे. २०२० व २०२१ या कोविडच्या वर्षांत कित्येकांनी आपल्या आप्तांना रुग्णालयात अशाच मास्कखाली शेवटचे पाहिले. त्यांच्या मनात मास्क म्हणजे अखेरची घटका, हे समीकरण बसले आहे. अशा रुग्णास हट्टी किंवा भित्रा म्हणून हिणविणे योग्य नव्हे.

वस्तुतः दोष रुग्णाचा नसतो, यंत्राचाही नसतो. सवय लावण्यासाठी निवडलेली वेळ चुकीची असते. रात्री मनुष्य थकलेला असतो, अंधार असतो, झोप हवी असते; नवीन गोष्ट शिकण्यास ती वेळ सर्वांत प्रतिकूल होय. यंत्राची सवय ही दिवसाउजेडी, जागेपणी आणि घरच्यांच्या संगतीत लावावयाची असते.

सवयीचा क्रम

पहिले दोन दिवस खुर्चीवर बसून, यंत्र सुरू न करता, मास्क केवळ हाताने चेहऱ्यावर धरावा. पट्टे बांधू नयेत. हवे तेव्हा तो दूर करता येतो, ही खात्री मनास प्रथम पटली पाहिजे. त्यानंतर पट्टे बांधून पंधरा-वीस मिनिटे बसावे. पुढे यंत्र सुरू करून वर्तमानपत्र वाचावे, आकाशवाणीवरील कार्यक्रम ऐकावा किंवा दूरदर्शन पाहावे. तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यावा. श्वास सोडताना समोरून वारा येतो असे वाटते. त्याच्याशी झुंज न घेता श्वास लांबवून सोडावा. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मास्क लावून आडवे व्हावे. वामकुक्षीची सवय असलेल्यांना ही पायरी सोपी जाते. दिवसा अर्धा तास स्वस्थ पडता येऊ लागले की रात्रीचा प्रारंभ करावा.

बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू चढविण्याची सोय असते. प्रारंभी दाब कमी असतो व झोप लागेपर्यंतच्या काळात तो क्रमाने वाढतो. ती सोय चालू आहे ना, हे विक्रेत्याकडून समजून घ्यावे. मध्यरात्री जाग येऊन मास्क काढावासा वाटला तर काढावा, पाणी प्यावे, आणि पुन्हा लावावा. पहिल्या आठवड्यात दोन तास झाले तरी ते थोडे नव्हे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. पहाटेच्या प्रहरी स्वप्नावस्थेची झोप अधिक असते आणि त्या वेळी घसा सर्वाधिक सैल पडतो. मध्यरात्री मास्क काढून ठेवणारा मनुष्य नेमका अधिक धोक्याचा काळ संरक्षणावाचून काढतो.

नित्याच्या अडचणी

मास्कच्या कडेने हवा गळू लागली की पट्टे करकचून आवळण्याचा मोह होतो. त्याने नाकावर व्रण पडतात आणि गळतीही थांबत नाही. पट्टे बसून नव्हे, तर झोपण्याच्या स्थितीत व यंत्र सुरू असताना बेताने जुळवावेत. चेहरा तेलकट असल्यास आधी धुवावा. तरीही गळती राहिल्यास मास्कचा आकार चुकला असण्याचा संभव अधिक. केवळ नाकावरचे, नाकपुड्यांशी टेकणारे व नाक-तोंड दोन्ही झाकणारे असे मास्कचे तीन प्रमुख प्रकार असून प्रत्येकाची निरनिराळी मापे मिळतात. मास्क बदलून मिळण्याची मुदत खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावी.

सकाळी तोंड कोरडे पडत असेल, तर झोपेत तोंड उघडे राहते असे समजावे. नाक चोंदत असेल किंवा पोटात हवा धरत असेल, तर यंत्र बंद न करता डॉक्टरांना भेटावे. या तिन्ही तक्रारींवर इलाज आहे. यंत्रास जोडलेल्या टाकीतील पाणी हवेला ओलावा देते. पावसाळ्यात गोवा-कोकणातील हवा मुळातच दमट असल्याने तो ओलावा कमी ठेवला तरी चालतो. थंड खोलीत मात्र नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येऊ लागतो. अशा वेळी ओलावा कमी करावा, किंवा नळी पांघरुणाखाली घ्यावी. टाकीत डिस्टिल्ड पाणी वापरावे व ते रोज बदलावे. विहिरीचे, नळाचे किंवा वाहनाच्या बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी वापरू नये. टाकी डोक्याच्या पातळीहून उंच नसावी. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी यंत्र जवळच पाटावर ठेवावे, म्हणजे केरही आत जात नाही. मास्कचा चेहऱ्यास लागणारा भाग रोज, तर नळी व पट्टे आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत.

रात्री वीज गेली तर गुदमरून जीव जाईल काय, ही शंका खेड्यापाड्यांतून हमखास विचारली जाते. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला हवा बंद पडताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. यंत्र थांबले की सहसा मनुष्यास जाग येते. त्याने मास्क काढून ठेवावा, एवढेच. पाणी तापविण्याची सोय बंद ठेवल्यास या यंत्रास छताच्या पंख्याहून अधिक वीज लागत नाही. त्यामुळे घरी इन्व्हर्टर असल्यास पावसाळ्यातील रात्रीही निभावतात.

घरच्यांचे कर्तव्य

मास्क व नळी लावलेल्या आजोबांना पाहून नातवंडे गणपतीची सोंड आठवून हसतात. त्या हसण्याने बिघडत नाही, उलट घरातील भीती कमी होते. परंतु पाहुण्यांसमोर केलेल्या थट्टेमुळे अनेकांनी यंत्र सोडून दिले आहे, हेही विसरून चालणार नाही. घोरण्याचा त्रास सर्वांत अधिक सोसते ती पत्नी किंवा पती. श्वास थांबतो की काय या धास्तीने रात्र-रात्र कानोसा घेत जागणाऱ्या गृहिणी गावोगावी आहेत. डॉक्टरांकडे जाताना त्यांनी सोबत जावे. कारण रात्री काय घडते हे रुग्णास ठाऊक नसते, त्यांना असते. शिक्षकांनी आणि कार्यालयप्रमुखांनीही दिवसा डुलक्या घेणाऱ्या सहकाऱ्यास आळशी ठरविण्यापूर्वी तपासणीचा सल्ला द्यावा. बस व मालमोटार चालकांच्या बाबतीत तर हा सल्ला देण्यास विलंब लावू नये.

सी-पॅप यंत्राने विकार समूळ जात नाही. चष्मा डोळ्यांवर आहे तोवरच अक्षरे स्पष्ट दिसतात, तद्वत यंत्र लावलेल्या तासांपुरताच घसा उघडा राहतो. वजन घटविणे, रात्री मद्य न घेणे व कुशीवर झोपणे यांनी विकाराचा जोर कमी होऊ शकतो. वजन बरेच उतरले म्हणून यंत्र आपल्या मनाने सोडू नये. पुन्हा तपासणी करून डॉक्टर सांगतील तसे करावे. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना या विकाराची कल्पना द्यावी व यंत्र सोबत न्यावे.

ज्यांच्या घरी असे यंत्र कपाटावर पडून आहे, त्यांनी ते या आठवड्यात खाली काढावे. फिल्टर व मास्कची गादी तपासून घ्यावी, खराब असल्यास बदलावी. डॉक्टरांना एकदा दाखवून दाब योग्य असल्याची खात्री करावी. मग येत्या रविवारी दुपारी, घरची मंडळी आसपास असताना, खुर्चीवर बसून मास्क हातात धरण्यापासून पुन्हा प्रारंभ करावा. महिन्याभरात रात्र अखंड झोपेची झाली, की पहिला फरक त्या रुग्णाच्या आधी शेजारच्या अंथरुणावर जागत असलेल्या माणसास कळेल.