लाठी उचलण्यापूर्वी
(विहाराच्या वर्धापनदिनी जरीपटका येथे दिलेले भाषण)



आज मी एका चष्म्याविषयी बोलणार आहे. आपण म्हणाल, वर्धापनदिनी हे चष्म्याचं काय काढलं भाऊ? पण त्याचा संबंध आपल्या लेकरांच्या जिवाशी आहे.

अमेरिकेत काही ठिकाणी पोलिसांना ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’च्या चष्म्यातून प्रशिक्षण देतात. डोळ्यांवर चढवला की भोवती रस्ता, चिडलेला माणूस, ओरडणारी गर्दी दिसते. बोलायचे, थांबायचे, मागे सरायचे की बंदूक काढायची, हे शिपायाला तिथेच ठरवावे लागते. चुकला तर कोणी मरत नाही. २०१३ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी गोऱ्या स्त्रियांना अशाच चष्म्यातून काळ्या स्त्रीचे शरीर आपलेच असल्याचा भास करून दिला. नंतर त्यांच्या मनातला छुपा वर्णद्वेष मोजला, तर तो कमी झालेला आढळला.

आपल्याला हे नवे नाही. धम्मपदात दंडवग्ग आहे. मार खाणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, हीच त्याची शिकवण.

आता घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर आठवा. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, म्हणून लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या आणि १० जण गेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. तुकडीच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली! असा निर्णय काही मिनिटांत होतो. समोर रडणारी माणसे दिसतात की चालून येणारा जमाव, यावर सारे अवलंबून असते. इथे चष्म्याचा सराव उपयोगी पडू शकतो.

पण परभणीचे काय? डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. गुन्हा नोंदवण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

मिनियापोलिसच्या पोलिसांना पूर्वग्रह ओळखण्याचे प्रशिक्षण मिळाले होते. तरीही २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला गेला. तो पोलीस तर नवशिक्यांना शिकवणारा होता! त्याला शिक्षा झाली, त्यात रस्त्यावरच्या एका मुलीने केलेल्या चित्रीकरणाचा मोठा वाटा होता.

बंधू-भगिनींनो, घाईत, भीतीपोटी होणारी चूक सरावाने सुधारते. पण आपल्याला विचारणारं कोणी नाही, या खात्रीने केलेला अत्याचार चष्म्याने थांबत नाही. त्याला कायद्याचाच लगाम हवा.

म्हणून दोन्ही मागा. नागपूरच्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयात असे शिक्षण द्यायचे असेल, तर त्यातले प्रसंग आपले असावेत : १४ एप्रिलची मिरवणूक, दीक्षाभूमीची गर्दी, ठाण्यात अत्याचाराची तक्रार घेऊन आलेली माय. ते प्रसंग लिहिताना आपल्या वस्तीतली माणसे सोबत असावीत.

आणि घरोघरी हेही सांगा. अटकेची खबर नातेवाइकाला द्यावीच लागते. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावेच लागते. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम ४ आहे. आपली तक्रार नोंदवण्याचे कर्तव्य जाणूनबुजून टाळणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्यालाही त्याखाली शिक्षा होऊ शकते. हे कलम पाठ करा.

आपलीही पोरं-पोरी पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात. उद्या त्यांच्या हाती लाठी येईल. ती उचलण्यापूर्वी त्यांना दंडवग्ग आठवावा, एवढे संस्कार या विहाराने करावेत, ही सदिच्छा व्यक्त करून थांबतो.

जय भीम! नमो बुद्धाय!