झाडाचा रंग सुताला धरतो कसा?

२०१७ च्या ऑगस्टमधली आपल्या तळोज्याची निळी कुत्री आठवतायत ना? एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. अशी बातमी वाचली की वाटतं, यापेक्षा झाडपाल्याचे रंग बरे, त्यात केमिकल तरी नाही.

गडबड इथेच आहे. लोकर आणि रेशीम म्हणजे प्रथिनं, ती रंग सहज धरतात. सूत म्हणजे सेल्युलोज, त्याला बहुतेक वनस्पतींचे रंग धरतच नाहीत. हळद लागते, पण ऊन लागलं की उडते. मंजिष्ठेचा पक्का लाल हवा असेल तर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीच्या. हिरड्यातलं टॅनिन सुताला चिकटतं, तुरटीतलं अॅल्युमिनियम टॅनिनला आणि रंग त्या अॅल्युमिनियमला. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, मधला अडॅप्टर. त्याच हिरड्यावर गूळ आणि गंजके खिळे मुरवलेलं पाणी दिलं की काळा रंग येतो. हिरडा लांबून आणायला नको, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं तो गोळा करतात.

निळीची तऱ्हाच वेगळी. ती पाण्यात विरघळतच नाही. आंबवून तिचं रूप बदलावं लागतं. कापड बाहेर काढताना हिरवट-पिवळं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. अठराव्या शतकात युरोपात नीळ सरळ सल्फ्युरिक अॅसिडमध्ये घालून पाहिली. रेणू बदलला, पाण्यात विरघळला, लोकरीवर झकास बसला. सुतावरून मात्र धुतला की गेला!

म्हणजे केमिकल आहेच, प्रश्न कोणतं हा आहे. तुरटी त्यातल्या त्यात गरीब. पण वेगळ्या छटांसाठी मोरचूद वापरतात, पोटॅशियम डायक्रोमेटसुद्धा, आणि त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. रंग झाडाचाच, पण भांड्यात उरलेलं पाणी कुठल्या तरी कासाडी नदीतच जाणार ना? म्हणून प्रदर्शनात साडी बघताना झाडाचं नाव नंतर विचारा. आधी विचारा, रंगबंधक कोणता आणि पाणी कुठे सोडता?

घरी करून बघणार असाल तर कोरं कापड आधी धुण्याच्या सोड्यात चांगलं उकळून घ्या, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो.